सिरोंच्याच्या अंगणात थाइम आणि ओवा

(सिरोंचा तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



 परसबागेत भाजीपाला कोणता घ्यावा, हे माझ्यापेक्षा आपणांस अधिक ठाऊक आहे. म्हणून वांगी, भेंडी, शेवगा यांचा विषय मी बाजूस ठेवतो. आपल्यापैकी काही शिक्षकांनी एक प्रश्न विचारला होता, आज त्याच्यापुरतेच बोलावे असे मी ठरविले आहे. प्रश्न असा: शहरांतील रोपवाटिकांत 'थाइम' नावाची, जमिनीलगत पसरणारी एक सुवासिक वनस्पती मिळते. फरसबंदीच्या फटींतून तिची जांभळी सतरंजी पसरल्याची चित्रे आपण पाहतो. ती स्वयंपाकात घालतात, तिचा चहा करतात, खोकल्यावर ती गुणकारी असे सांगतात. मग ती सिरोंच्याच्या शाळेपुढे का लावू नये?

प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटी दोन गोष्टी आहेत. सार्वजनिक पैशातून आणि मुलांच्या श्रमातून लावलेले रोप पहिल्याच पावसाळ्यात मेले, तर पुढच्या वर्षी मुले खड्डा खणायला उत्साहाने येत नाहीत. ही पहिली गोष्ट. दुसरी अधिक गंभीर आहे. 'खोकल्यावर गुणकारी' हे शब्द ज्या जिल्ह्यात आपण उच्चारणार, त्या जिल्ह्यात लहान मुलाचा खोकला हा नेहमीच साधा खोकला नसतो. तिच्याकडे मी शेवटी येईन.

थाइमचे घर

या वनस्पतीचे शास्त्रीय नाव थायमस सर्पिलम. यातील दुसरा शब्द 'सरपटणे' या अर्थाच्या प्राचीन धातूपासून आलेला आहे, आणि आपला 'सर्प' हा शब्दही त्याच धातूच्या कुळातला. नावाप्रमाणेच ही वनस्पती सरपटते. तिची उंची क्वचितच वीतभर होते. काडीसारख्या बारीक फांद्या जमिनीवर लोळतात, पेरापेरांवर मुळे फुटतात आणि अशा रीतीने एका रोपाची काही वर्षांत चटई होते. पाने अगदी लहान, फुले जांभळट गुलाबी. त्यांवर मधमाश्यांची झुंबड असते. ही तुळशीच्या कुळातली आहे. तुळशीची कोवळी काडी दोन बोटांत फिरवून पाहिली तर ती गोल नसून चौकोनी आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सहज जाणवेल. थाइमची काडीही तशीच असते.

परंतु तिचे घर आहे युरोपातील व उत्तर आशियातील थंड, खडकाळ, रेताड माळरानांवर. तिची एक भावंड-जात आपल्या हिमालयातही उगवते आणि तिकडचे लोक तिला 'बनजवाईन', म्हणजे रानातला ओवा म्हणतात. हे नाव लक्षात ठेवावे. पहाडातल्या माणसांनी केवळ वासावरून जे ओळखले, तेच पुढे रसायनशास्त्राने सिद्ध केले.

थंडी, वारा, कोरडेपणा, निकृष्ट माती हे सर्व या वनस्पतीला सोसते. सोसत नाही ती मुळाशी साचलेली ओल, आणि विशेषतः उष्ण हवेतील ओल. आता सिरोंचा पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि त्यानंतर लगेच जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. प्राणहिता व गोदावरी यांच्या काठची गाळाची काळी जमीन पाणी धरून ठेवते. कापसाला व मिरचीला ती उत्तम, परंतु थाइमच्या मुळांना ती घातक. उन्हाळ्यात होरपळून अर्धमेली झालेली चटई श्रावणातल्या ढगाळ आठवड्यांत खालून काळी पडते व कुजते. रोपवाटिकेतून आणलेल्या शंभर रोपांची शाळेपुढे सतरंजी करावी, या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे.

तथापि एक कुंडी अवश्य करावी. मुलांना वास घेऊ द्यावा, पाने भिंगाखाली पाहू द्यावीत. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास, पसरट कुंडीत एक भाग माती, एक भाग जाड रेती व एक भाग बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा असे मिश्रण भरावे. शेणखत मूठभर पुरे. बी फार बारीक असते, ते मातीवर टाकून नुसते दाबावे, पुरू नये. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. कुंडीला दिवसभर ऊन मिळावे आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा आपल्याकडील सुखाचा काळ. शेंडे खुडत राहिल्यास रोप दाट होते, खुडलेले शेंडे सावलीत वाळवून बाटलीत भरले तर त्यांचा वास अनेक महिने टिकतो. मार्चपासून कुंडी सकाळचेच ऊन मिळेल अशा जागी हलवावी. पावसाळ्यात ती छपराखाली ठेवूनही रोप गेले, तर आश्चर्य मानू नये. ते हिवाळी पाहुणे म्हणूनच आणावे.

एकच वास, तीन झाडे

थाइमला जो वास येतो, तो मुख्यतः 'थायमॉल' नावाच्या द्रव्याचा. जर्मनीत १७१९ मध्ये कास्पार नॉयमान याने हे द्रव्य प्रथम वेगळे काढले आणि १८५३ मध्ये फ्रान्समधील लालेमां याने त्याला थाइमवरून नाव दिले. नाव युरोपीय झाडाचे मिळाले खरे, पण व्यापारात थायमॉल दीर्घकाळ काढले जाई ते आपल्या ओव्यापासून. ओव्याच्या दाण्यातील तेलात ते थाइमच्याही तोडीचे असते. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जहाजांतून जर्मनीला जाई, तेथे त्यातून थायमॉल काढले जाई आणि ते औषध म्हणून जगभर विकले जाई. १९१४ मध्ये युद्ध पेटले, ही वाट बंद झाली आणि थायमॉलची टंचाई निर्माण झाली. त्यानंतर ते येथे तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. कच्चा माल आपला व कारखाना परक्याचा, ही त्या काळच्या अनेक वस्तूंची कथा होती, ओव्याचीही तीच.

त्या काळी थायमॉल हे हुकवर्म म्हणजे अंकुशकृमीवरचे प्रमुख औषध होते. मात्रा मोठी द्यावी लागे आणि ते अंगावरही येई. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी आपण शिक्षक मंडळी वर्गात ज्या अल्बेंडाझोलच्या गोळ्या देता, त्या त्याच कामावर आज नेमलेल्या आहेत. म्हणून जंतावर ओवा पुरेसा आहे, गोळी नको, असे कोणी पालक म्हणाल्यास त्यांना ही हकिकत सांगावी: जेथे डॉक्टर स्वतः ओव्याचे सत्त्व देत होते, तेथे त्यांनीच ते मागे ठेवून गोळी पुढे आणली. थायमॉल आज गुळण्यांच्या औषधांत असते, आणि इटालियन मधमाश्यांच्या पेट्यांत शिरणाऱ्या व्हॅरोआ या किडीवर मधपाळ ते वापरतात.

आता ओव्यासंबंधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्या अंगणात कुंडीत जे जाड, लवदार, मांसल पानांचे झाड असते आणि ज्याच्या पानांची आपण भजी करतो, ते ओव्याच्या दाण्याचे झाड नव्हे. दाण्याचा ओवा हा कोथिंबीर व बडीशेप यांच्या कुळातला. त्याची पाने शेपूसारखी चिरलेली आणि फुलोरा छत्रीसारखा. जाड पानांचा तो पानओवा. हा तुळशीच्या कुळातला, म्हणजे थाइमचा खरा नातलग. थाइम, दाण्याचा ओवा, पानओवा अशी तीन झाडे, दोन कुळे आणि वास मात्र बव्हंशी एक. याचे कारण थायमॉल व त्याचे जुळे भावंड कार्व्हाक्रॉल. सातवी-आठवीच्या वर्गाला वनस्पतींचे वर्गीकरण शिकविताना याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. नाक एक सांगते, फूल दुसरे सांगते. शास्त्र फुलाचे ऐकते.

सिरोंच्यात तर या धड्याला भाषेचीही जोड मिळते. येथील पुष्कळ मुले घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. त्यांच्या घरी ओवा म्हणजे 'वामु' आणि पानओवा म्हणजे 'वामाकु', ओव्याचे पान. माडिया मुलांनी आपल्या घरी काय म्हणतात ते विचारून यावे. वर्गाच्या भिंतीवर एका झाडाखाली तीन भाषांतली नावे लिहिली गेली, तर घरची भाषा शाळेबाहेर ठेवून यावी लागते असे त्या मुलांना वाटणार नाही. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीतील स्त्रिया व झाडे यांच्या नात्याची नोंद केली आहे. अशी नोंद शाळेनेही आपल्या गावापुरती करावी. आणि एक मजेची गोष्ट, कॅरिबियन बेटांत हाच पानओवा 'जाड पानाचा थाइम' म्हणून ओळखला जातो. ज्यांना दाराशी थाइम हवाच आहे, त्यांच्या दाराशी तो बहुधा आधीच आहे!

पानओव्याची लागवड

याचे बी शोधत बसू नये. हे झाड आपल्याकडे क्वचितच फुलते. बोटभर लांबीची शेंड्याची फांदी पेराखाली तोडावी, खालची पाने काढावीत, एक दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा व मग रेतीमिश्रित मातीत खोचावी. दोन आठवड्यांत ती मूळ धरते. एका झाडापासून एका मोसमात संपूर्ण गावाला पुरतील एवढ्या फांद्या मिळतात आणि त्यास एक पैसा लागत नाही, हा या झाडाचा मोठा गुण. पान मांसल असल्याने दोन-चार दिवस पाणी न मिळाले तरी ते तग धरते. उन्हाळी सुटीत शाळा बंद असते तेव्हा हे विशेष महत्त्वाचे आहे. परंतु एप्रिल-मेच्या दुपारचे ऊन त्याला सोसत नाही, तेव्हा कडुनिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीची जागा हवी. दोन-तीन वर्षांनी खोड लाकडी व उघडे पडते, त्या वेळी जुने झाड काढून त्याच्याच फांद्या पुन्हा लावाव्यात.

पावसाळ्यात यालाही साचलेले पाणी चालत नाही. जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराने या तालुक्यातील गावांची जी अवस्था झाली, ती आपण भोगलेली आहे. त्या प्रमाणाच्या पुरापुढे परसबागेचे काय चालणार! पण दरवर्षीच्या साध्या पाणथळीसाठी मात्र उपाय आहे. वाफा जमिनीपासून वीत-दीड वीत उंच करावा, विटांचे तुकडे तळाशी घालावेत, आणि दोन कुंड्या नेहमी ओट्यावर किंवा व्हरांड्यात ठेवाव्यात. बाग वाहून गेली तरी बेणे राहते.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पानओव्याला काही ठिकाणी 'पाथरचूर' म्हणतात आणि त्याच्याशी मिळतेजुळते नाव पानफुटीलाही दिले जाते. पानफुटी म्हणजे जिच्या पानाच्या कडेवर नवी रोपे फुटतात ती. ती वेगळी वनस्पती असून गुरांच्या पोटात अधिक प्रमाणात गेल्यास विषारी ठरते. तेव्हा नावावर विसंबू नये. पान चुरगाळावे, ओव्याचा वास आला तरच ते पानओव्याचे.

दाण्याचा ओवाही एका वाफ्यात घेण्यासारखा आहे. पाऊस ओसरल्यावर बारीक बी रेतीत मिसळून ओळींत विरळ पेरावे. पीक चार-पाच महिन्यांचे असते. कोवळी पाने कोथिंबिरीसारखी वापरता येतात, आणि फुलोऱ्यावर मधमाश्या येतात. दाणे तपकिरी होऊ लागले की छत्र्या कापून सावलीत वाळवाव्यात.

राहता राहिली ती जमिनीवरची सतरंजी. ती हवी असल्यास नदीकडे वळावे. ओलसर काठांवर व तळ्याच्या पाळीवर जलपिंपळी नावाची एक वनस्पती सरपटत असते. लहान दातेरी पाने, पेरापेरांवर मुळे आणि पांढरट जांभळ्या फुलांचे छोटे बोंड. तिला सुगंध नाही. परंतु पायाखाली तुडविलेली तिला चालते, पावसाळा सोसतो, आणि उन्हाळ्यात पाने गळाली तरी ओल मिळताच ती पुन्हा पसरते. फुलपाखरे तिच्यावर बसतात. ध्वजस्तंभाभोवती वा पाण्याच्या टाकीखाली, जेथे सांडपाण्याची ओल असते, तेथे तिचे तुकडे लावावेत. शेताच्या धुऱ्यावर मात्र नेऊ नये, ती पिकात शिरते.

उपयोग आणि मर्यादा

स्वयंपाकाचे मी विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पानओव्याची पाने बेसनात बुडवून तळलेली भजी महाराष्ट्रात जशी होतात, तशीच तेलुगू घरांतही. पीठ पातळ असावे आणि त्यात चमचाभर तांदळाचे पीठ घालावे, म्हणजे भजी कुरकुरीत राहतात. दोन पाने वाटून ताकात घातल्यास उन्हाळ्यात चांगली लागतात. शेंगदाणे व येथील लाल मिरची यांच्याबरोबर थोड्या तेलावर परतून चटणी होते. शाळेच्या पोषण आहारातील वरणाला चार पाने चिरून फोडणी दिली तर मुले ते आवडीने खातात. पान तीव्र असते, म्हणून थोडेच घालावे. थाइमचा वाळवलेला पाला डाळीत किंवा बटाट्यात चिमूटभर चालतो. पण ओवा घरात असताना त्याची उणीव भासत नाही, हे माझे मत.

आता औषधाविषयी. मोठ्या माणसाला वा मोठ्या मुलाला साधी सर्दी, घसा खवखवणे, पोट जड होणे या तक्रारी असल्यास पानओव्याची दोन-तीन पाने घातलेले कोमट पाणी किंवा चिमूटभर ओवा घेण्यास हरकत नाही. परंतु ओव्याचे तेल किंवा ओव्याचे फूल म्हणून मिळणारे सत्त्व मुलांना पोटात देऊ नये. पानांचा रस मधात कालवून तान्ह्या मुलाला चाटविण्याची रीत आहे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण मधातील जंतूंमुळे त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा टाकून जी धुरी देतात, तिचा धूर नवजात बाळाच्या फुप्फुसात जातो. ती रीत प्रेमापोटीच चालत आली आहे, तेव्हा तिची चेष्टा न करता ती थांबवावी. गरोदर स्त्रियांनीही ओवा जेवणातल्या प्रमाणातच घ्यावा.

आणि लहान मुलाचा खोकला. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी या जिल्ह्यातील खेड्यांत बालकांच्या न्युमोनियावर काम सुरू केले. गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्युमोनिया ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण त्यांनी दिले आणि त्यामुळे बालमृत्यू कमी झाले. त्यांचा हा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे साधनही त्यांनी तयार केले. जगाने गडचिरोलीकडून जे घेतले, ते आपल्या ओट्यावर आपणच विसरू नये.

मोजण्याची रीत सोपी आहे. मूल शांत असताना, झोपेत किंवा मांडीवर, त्याचे पोट पूर्ण एक मिनिट पाहावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर ओवा नाही, थाइम नाही, शेक नाही. ताबडतोब आशाताईंकडे व तेथून आरोग्य केंद्रात. मूल अंगावर घेईनासे झाले किंवा सुस्त पडले, तर श्वास मोजत बसण्याचीही गरज नाही, आहे तसे निघावे. तापाचेही तेच. राज्यात हिवतापाचे रुग्ण ज्या जिल्ह्यांत अधिक आढळतात त्यांत आपला जिल्हा आहे. ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. काढा घेऊन दोन दिवस वाट पाहणे येथे परवडत नाही. सरपंच मंडळींना माझी सूचना अशी की, परसबागेतील पानओव्याच्या वाफ्याजवळ जी पाटी लावाल, तिच्यावर झाडाच्या नावाखाली हे तीन आकडेही मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि तेलुगूत, रंगवून घ्यावेत. पान तोडायला येणारी आई ते वाचेल; तिला वाचता येत नसेल तर तिच्याबरोबरचे शाळेतले पोर वाचून दाखवील.

पानओव्याच्या काही फांद्या मी सोबत आणल्या आहेत. ओल्या फडक्यात गुंडाळून त्या व्हरांड्यातील टोपलीत ठेवलेल्या आहेत. प्रत्येक शाळेने जाताना दोन-दोन घ्याव्यात. उद्या सायंकाळपर्यंत मातीत खोचल्या तरी चालतील, आणि पहिले आठ दिवस त्यांना पाणी बेतानेच द्यावे.